कांड्या दिसतात, पण फोन लागत नाही: मोबाइल नेटवर्कची तक्रार क्रमाने कशी तपासावी

आंबोली घाटाच्या वरच्या आणि खालच्या गावांतून दुरुस्तीसाठी येणाऱ्या फोनांबरोबर मला वर्षानुवर्षे एकच वाक्य ऐकायला मिळते: ‘रेंज येत नाही, जरा बघा.’ या एका वाक्याखाली निदान पाच निरनिराळे बिघाड येतात. प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो आणि त्यांतले काही फोनमध्ये नसतातच. म्हणून फोन उघडण्याचा विचार करण्याआधी पडद्यावर नेमके काय दिसते आहे, ते नीट वाचून घ्यावे.

लक्षणे

कांड्यांच्या जागी फुली किंवा ‘नो सर्व्हिस’ दिसत असेल, तर फोनला एकही वापरण्याजोगा टॉवर ऐकू येत नाही. ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसत असेल, तर गोष्ट अगदी निराळी आहे. फोनला कुठल्या तरी कंपनीचा टॉवर ऐकू येतो आहे आणि त्यावरून ११२ हा क्रमांक लावता येईल, पण सिम ज्या कंपनीचे आहे तिने या फोनला आत घेतलेले नाही. या दोन संदेशांत फारसा फरक नाही असे समजून पुढची तपासणी केली, तर अर्धा दिवस वाया जातो.

तिसऱ्या प्रकारात कांड्या भरलेल्या असतात, तरी फोन लावला की काही क्षण शांतता आणि मग ‘कॉल फेल्ड’. इंटरनेटही नुसते फिरत राहते. चौथ्या प्रकारात रेंज येते आणि जाते, फोन खिशात पडल्या पडल्या कोमट होतो आणि संध्याकाळपर्यंत टिकणारी बॅटरी दुपारीच उतरते. पाचवा प्रकार म्हणजे ‘नो सिम’ किंवा ‘इनव्हॅलिड सिम’, जो बहुधा सिमच्या तुकड्याशी किंवा त्याच्या खाचेशी संबंधित असतो.

एक लक्षण मात्र असे आहे की ते दिसल्यावर पुढचे काहीही वाचत बसू नये. आपल्या क्रमांकाची सेवा अचानक आणि पूर्णपणे गेली, शेजारी बसलेल्या माणसाचे त्याच कंपनीचे नेटवर्क व्यवस्थित आहे आणि आपला क्रमांक बँकेच्या खात्याशी जोडलेला आहे, तर कुणीतरी आपल्या नावाने दुसरे सिम काढले असण्याची शक्यता आधी पडताळावी. नवे सिम सुरू झाले की जुने बंद पडते आणि बँकेचे ओटीपी नव्या सिमवर जाऊ लागतात. दुसऱ्या फोनवरून कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारावे आणि त्यांनी दुजोरा दिला, तर लगेच बँकेला कळवून खाते गोठवावे. पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच क्षणी तक्रार नोंदवावी. असा फोन माझ्याकडे दुरुस्तीला आणण्यात जाणारा प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो.

फोन टॉवरला कसा जोडला जातो

पुढच्या प्रत्येक तपासणीचे कारण कळण्यासाठी एवढे समजून घेणे आवश्यक आहे. फोन सुरू झाला की तो आधी सिमवरील ओळख क्रमांक वाचतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे असतात, भारतासाठी ४०४ किंवा ४०५, आणि त्यापुढचे अंक कंपनीचे जाळे सांगतात. मग फोन शेवटी वापरलेली लहरवारंवारिता आधी आणि तिथे काही न सापडल्यास उरलेल्या सर्व वारंवारिता एकेक करून ऐकत जातो. ४जीचा टॉवर दर ५ मिलिसेकंदांनी एक ठरावीक खूण प्रसारित करतो. तिच्यावरून फोन आपले घड्याळ टॉवरच्या घड्याळाशी जुळवतो आणि ५०४ संभाव्य क्रमांकांपैकी हा सेल, म्हणजे टॉवरने व्यापलेला टापू, कोणता ते ओळखतो. ५जीमध्ये असे क्रमांक १००८ आहेत. त्यानंतर टॉवर सतत प्रसारित करीत असलेली माहिती फोन वाचतो: हे जाळे कोणाचे, इथे नव्या फोनांना प्रवेश आहे का आणि निदान किती जोराचा संकेत मिळत असेल तर इथे थांबावे. जाळे आपले असेल आणि जोर पुरेसा असेल, तर फोन त्या सेलवर मुक्काम करतो.

इथपर्यंत फोनने एक शब्दही उच्चारलेला नाही; तो केवळ ऐकत होता. आता तो पहिल्यांदा बोलतो. एक छोटी हाक देतो, टॉवर तिला जबाब देऊन फोनच्या प्रक्षेपणाची वेळ सुधारतो, मग नोंदणीची विनंती जाते आणि जाळे सिमला एक आकडा पाठवून त्याचे उत्तर मागते. ते उत्तर सिममधल्या गुप्त किल्लीवरून तयार होते. ही किल्ली सिमच्या बाहेर कधीच जात नाही. उत्तर जुळले आणि खाते चालू असले, तरच फोन खऱ्या अर्थाने जोडला जातो.

पडद्यावरच्या कांड्या फक्त ऐकू येण्याचा जोर मोजतात. टॉवरला आपला फोन ऐकू जातो की नाही, याविषयी त्या काहीच सांगत नाहीत. टॉवर दहांच्या पटीतल्या वॅट शक्तीने बोलतो, तर ४जीचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. डोंगरापलीकडच्या टॉवरची हाक आपल्यापर्यंत येते आणि आपली हाक वाटेतच विरून जाते, असे आमच्या भागात रोज घडते. म्हणून तक्रार ऐकताना मी मनाशी एकच प्रश्न धरतो: गाडी कुठे अडली आहे, ऐकण्यात, हाक पोहोचण्यात की आत घेतले जाण्यात?

पहिली तपासणी: शेजारचा फोन

यासाठी एक पैसाही लागत नाही, आणि तरीही ही तपासणी सर्वांत जास्त वेळा चुकवली जाते. त्याच जागी, त्याच कंपनीचे सिम असलेला दुसरा फोन पाहावा. दुसऱ्या कंपनीचा फोन पाहून उपयोग नाही, कारण एकाच मनोऱ्यावर अनेक कंपन्यांची उपकरणे असली तरी प्रत्येकीची यंत्रणा स्वतंत्र असते. दोन्ही फोन सारखेच मुके असतील, तर बिघाड टॉवरकडे आहे. अशा वेळी सेटिंगमध्ये हात घातला, की टॉवर पूर्ववत झाल्यावर आपलाच फोन बिघडलेला राहतो.

पावसाळ्यात आंबोली, चौकुळ, तिलारी या पट्ट्यात ‘पावसामुळे रेंज गेली’ असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः मोबाइलच्या लहरींना पावसाच्या थेंबांचा अडथळा नगण्य असतो. पावसात जाते ती वीज, आणि जनरेटरला डिझेल पोहोचले नाही की काही तासांत टॉवरच्या बॅटऱ्याही संपतात. दुसरे असे की डोंगराळ भागातले अनेक टॉवर तारेने नव्हे, तर एकमेकांकडे तोंड करून बसवलेल्या मायक्रोवेव्हच्या थाळ्यांनी मुख्य जाळ्याशी जोडलेले असतात. त्यांची वारंवारिता बरीच वर असल्यामुळे मुसळधार पावसात तो दुवा क्षीण होतो. मग टॉवर आपली खूण प्रसारित करीत राहतो, फोन कांड्या दाखवीत राहतो आणि मागची वाट बंद असल्यामुळे एकही कॉल लागत नाही. तिसऱ्या प्रकारच्या लक्षणाचे पावसाळ्यातले हे अगदी नेहमीचे कारण आहे. गणेशचतुर्थीच्या आठवड्यात मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसांनी वाड्या भरतात तेव्हा तेच लक्षण गर्दीमुळे दिसते. त्यावर एकच इलाज आहे, तो म्हणजे पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करणे.

दुसरी तपासणी: फ्लाइट मोड, आणि मग पूर्ण बंद

फ्लाइट मोड सुरू करून अर्धा मिनिट थांबावे आणि बंद करावा. हा उपाय टोटक्यासारखा वाटतो, पण त्यामागे ठोस कारण आहे. ४जीमध्ये नोंदणीचा प्रयत्न पाच वेळा फसला, की फोनने ठरावीक काळ गप्प बसायचे असा नियम आहे, आणि जाळ्याने वेगळे सांगितले नसेल तर हा काळ १२ मिनिटांचा असतो. टॉवर दरम्यान ठीक झाला तरी फोन आपली १२ मिनिटे मोजत बसलेला असतो. फ्लाइट मोडमुळे ती मोजणी मोडते आणि नोंदणी नव्याने सुरू होते.

एवढ्याने भागले नाही, तर फोन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. जाळ्याने काही विशिष्ट कारणे देऊन नकार दिला असेल, तर फोन ते सिमच अवैध मानून बसतो आणि बंद होईपर्यंत किंवा सिम काढेपर्यंत पुन्हा विचारत नाही. प्रवासात एखाद्या भागातल्या जाळ्याने फोनला नाकारले असेल, तर फोनने ठेवलेली अशा भागांची काळी यादीही बंद केल्यावर पुसली जाते, अन्यथा ती १२ ते २४ तास टिकू शकते. दिवसभर चिडलेला माणूस दुसऱ्या दिवशी ‘आपोआप बरा झाला’ म्हणून सांगतो, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

तिसरी तपासणी: चार सेटिंगे

नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’वर आहे का, हे आधी पाहावे. चंदगड तालुक्यातून माझ्याकडे येणाऱ्या फोनांत हा दोष इतक्या वेळा सापडला आहे की आता मी विचारण्याआधीच ती सेटिंग उघडतो. चंदगडचा माणूस बाजाराला बेळगावला जातो. महाराष्ट्र आणि गोवा मिळून दूरसंचाराचे एक मंडळ आहे, कर्नाटक हे दुसरे. त्यामुळे सीमेवर फोन इकडून तिकडे उड्या मारतो. कुणीतरी सल्ला देते म्हणून हा माणूस यादीतून हाताने एक नाव निवडतो. त्या दिवसाचे काम होते, पण घरी परतल्यावरही फोन तेच नाव शोधत राहतो, कारण हाताने निवडले की दुसरीकडे जाण्याची मुभा फोन स्वतःहून घेत नाही. ऑटोमॅटिक निवडीत फोन परक्या जाळ्यावर असताना अधूनमधून आपले जाळे शोधतो. किती वेळाने शोधायचे ते सिमवर लिहिलेले असते आणि तिथे काहीच लिहिलेले नसेल, तर तासाने. म्हणून सीमेवरून परतल्यावर थोडा वेळ ‘रोमिंग’ दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही.

याच्या उलटही एक उपयोग आहे. एखाद्या जाळ्याने पूर्वी नकार दिला असेल, तर त्याचे नाव सिमवरील निषिद्ध यादीत लिहिले जाते आणि फोन बंद करूनही ते पुसले जात नाही. अशा वेळी आपल्याच कंपनीचे नाव एकदा हाताने निवडावे. नोंदणी यशस्वी झाली की नाव यादीतून निघते आणि मग निवड पुन्हा ऑटोमॅटिकवर आणून ठेवावी. हे शेवटचे वाक्य विसरू नये. विसरल्यास आपण वरच्या परिच्छेदातल्या चंदगडकराच्या रांगेत जाऊन उभे राहतो.

दुसरी सेटिंग ‘व्होल्टी’ची (VoLTE). इंटरनेट चालते पण फोन लागत नाही, अशी तक्रार असेल तर ती आधी पाहावी. ४जीवरून बोलण्यासाठी ती चालू लागते. जिओच्या जाळ्यात २जी किंवा ३जी नाहीच, त्यामुळे ही सेटिंग बंद असताना संभाषणाला पर्यायी वाट उरत नाही.

तिसरी, नेटवर्कच्या पिढीची निवड. ५जीचा संकेत जेमतेम पोहोचतो अशा जागी फोन ५जी पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो आणि चौथ्या प्रकारचे लक्षण निर्माण होते. निवड दोन दिवस ४जीवर ठेवून पाहावी. बॅटरी सावरली, कॉल टिकू लागले, तर कारण सापडले. काही कंपन्यांचे ५जी हे ४जीच्या जोडणीवर आधार घेऊन चालते, तेव्हा वर ‘५जी’ अक्षरे दिसत असूनही प्रत्यक्ष काम ४जीवर चाललेले असू शकते. त्या अक्षरांवरून निष्कर्ष काढू नये. चौथी सेटिंग म्हणजे सिमचा स्लॉटच बंद केलेला असणे. हसू येईल, पण लहान मुलांच्या हातून परत आलेल्या फोनांत हे मी पाहिलेले आहे.

चौथी तपासणी: जागा, भिंती आणि आकडा

कांड्या किती जोराला किती दाखवायच्या, हे प्रत्येक फोन बनवणारा स्वतः ठरवतो. म्हणून दोन फोनांच्या कांड्यांची तुलना व्यर्थ आहे, आकडा पाहावा. अँड्रॉइडमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिमच्या स्थितीखाली संकेताचा जोर डीबीएम (dBm) या एककात, उणे चिन्हासह दिलेला असतो. ४जीसाठी माझा ठोकताळा असा: उणे ८५ च्या आसपास उत्तम, उणे १०० पर्यंत कामचलाऊपेक्षा बरे, उणे ११० ला बोलणे तुटू लागते आणि उणे १२० ला फोन शोधात बुडालेला असतो. दर १० नी आकडा खाली गेला, की शक्ती दहापट कमी होते, म्हणजे उणे ९० आणि उणे १२० यांच्यात हजारपटीचे अंतर आहे. हा आकडा अंगणात, पडवीत, माजघरात आणि खिडकीपाशी घेऊन एका कागदावर लिहावा. जांभ्याच्या जाड भिंती आणि त्यावर पत्र्याचे छप्पर असलेल्या घरात अंगण आणि माजघर यांत २० चा फरक सहज निघतो, आणि मग दोष फोनचा नसून घराचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. फोनचे कव्हर धातूचे असेल किंवा त्यात चुंबकाची मोठी पट्टी असेल, तर ते काढूनही आकडा पाहावा.

संकेत क्षीण असला की फोन पूर्ण शक्तीने बोलतो आणि सतत शोधत राहतो. बॅटरी उतरण्याचे आणि फोन तापण्याचे कारण तेच असते. बॅटरी बदलून हा दोष जात नाही. माझ्याकडे बॅटरी बदलून घ्यायला आलेल्या काहींना मी ४जीची निवड आणि खिडकीजवळची जागा एवढ्यावर परत पाठवले आहे.

घाटमाथ्यावर मात्र उलटा प्रकार होतो आणि तो समजायला मलाही वेळ लागला. आंबोलीच्या कड्यावर उभे राहिले की खालचे कोकण दूरवर उघडे दिसते. डोळ्यांना जे दिसते ते फोनलाही ऐकू येते. अनेक दूरचे टॉवर जवळपास सारख्याच जोराने ऐकू येतात आणि एकमेकांचा आवाज बुडवतात. आकडा चांगला असतो, पण संकेत गढूळ असतो. शिवाय ४जीच्या सर्वांत रूढ मांडणीत फोनची पहिली हाक साधारण १४ किलोमीटरपर्यंतून येईल, असे धरूनच टॉवर तिची वाट पाहतो. त्याहून दूरच्या टॉवरची खूण कितीही स्पष्ट ऐकू आली, तरी आपली हाक त्याच्या वेळेच्या चौकटीबाहेर पडते. अशा ठिकाणी उंच आणि मोकळी जागा शोधण्यापेक्षा कड्यापासून मागे, गावाच्या बाजूला सरकावे, म्हणजे डोंगरच दूरचे टॉवर झाकतो आणि जवळचा एक स्पष्ट होतो. ‘रेंजसाठी उंचावर जा’ हा सल्ला सरसकट खरा नाही.

घरात इंटरनेटची तार आलेली असेल, तर वाय-फाय कॉलिंग हा यावरचा सरळ आणि कायदेशीर मार्ग आहे. बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर मात्र विकत घेऊ नयेत. परवान्याशिवाय असे यंत्र बाळगणे बेकायदा आहे आणि ते टॉवरच्या कानात गोंगाट ओतते. एका घराचा बूस्टर आजूबाजूच्या साऱ्या वाडीची सेवा बिघडवू शकतो. ‘मेट्रो शहरांत सगळे लावतात’ हे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. त्याने कायदाही बदलत नाही आणि गोंगाटही.

पाचवी तपासणी: सिमचा तुकडा

फोन बंद करून सिम बाहेर काढावे. कोकणातल्या दमट हवेत सिमच्या सोनेरी पट्टीवर काळपट थर धरतो. तो कोरड्या मऊ कापडाने हलके पुसावा. ओरखडे काढू नयेत आणि ओले काहीही लावू नये. जुने मोठे सिम कटरने कापून बसवलेले असेल, तर ते बदलूनच टाकावे. जुन्या सिमची जाडी ०.७६ मिलिमीटर असते आणि नॅनो सिमची ०.६७. ही फुगलेली कड आत अडकली, की ओढून काढताना फोनमधल्या पिना वाकतात, आणि मग दहा मिनिटांचे काम बोर्डच्या दुरुस्तीवर जाते.

नंतर अदलाबदल करावी. आपले सिम दुसऱ्या चालू फोनमध्ये आणि दुसरे चालू सिम आपल्या फोनमध्ये घालावे. दोन्ही बाजूंनी करणे महत्त्वाचे आहे, एका बाजूने केल्यास निष्कर्ष अर्धवट राहतो. आपले सिम तिकडेही चालत नसेल, तर फोन निर्दोष आहे. सिम खराब आहे, खाते बंद आहे किंवा सिम फार जुने आहे. २जीच्या काळातले मूळ सिम ४जीच्या जाळ्यात नोंदले जाऊ शकत नाही, त्यासाठी नव्या प्रकारचे सिम लागते. वापर आणि रिचार्ज ९० दिवस नसेल, तर क्रमांक बंद होऊ शकतो, हेही आठवावे. गावी ठेवलेल्या दुसऱ्या फोनाच्या बाबतीत हे कारण वरचेवर निघते.

सिम बदलून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवे सिम सुरू झाल्यानंतर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात, त्यामुळे ओटीपी येत नाहीत. बँकेचे तातडीचे काम असेल, तर ते उरकून मगच दुकानात जावे. ई-सिम, म्हणजे तुकड्याशिवाय फोनमध्येच साठवलेले सिम, असेल, तर तपासणी म्हणून ते फोनमधून पुसून टाकू नये, कारण ते परत मिळवण्यासाठी कंपनीकडे जावे लागते.

सहावी तपासणी: नेटवर्क सेटिंग रीसेट आणि आयएमईआय

वरचे सर्व करूनही दोष राहिला, तर नेटवर्कच्या सेटिंगचा रीसेट करावा. यात वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, छायाचित्रे आणि संपर्क राहतात. संपूर्ण फोन रीसेट करण्याचा सल्ला मी देत नाही. रेडिओचे सॉफ्टवेअर त्या रीसेटने बदलत नाही, आणि नेटवर्क नाही ते नाहीच, वर मुलांचे फोटोही गेले, असे सांगणारे लोक मी पाहिले आहेत. उत्पादकाने दिलेले अद्ययावत सॉफ्टवेअर मात्र वाय-फायवरून घालून पाहावे.

आता *#०६# लावावे. पडद्यावर पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसायला हवा. तो खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. जुना फोन घेतला असेल आणि कोणतेही सिम घातले तरी जाळे नाकारत असेल, तर हा फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असू शकतो. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आयएमईआय घालून हे पाहता येते, तसेच १४४२२ या क्रमांकावर ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, एक मोकळी जागा आणि आयएमईआय असा एसएमएस पाठवूनही उत्तर मिळते. फोन विकत घेण्याआधी हे केले, तर पुष्कळ मनस्ताप टळतो.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेला फोन असेल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. तो तिथल्या कंपनीशी कुलूपबंद आहे का, आणि आपल्याकडच्या वारंवारिता त्याला ऐकू येतात का. भारतात ४जीसाठी मुख्यतः ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झचे पट्टे वापरात आहेत. यांतला ८५० किंवा ९०० चा पट्टा फोनला येत नसेल, तर तो शहरात ठीक चालतो आणि गावाकडे मुका होतो, कारण कमी वारंवारितेच्या लहरीच दूरवर आणि भिंतींच्या आत पोहोचतात. अमेरिकेतला आयफोन १४ आणि त्यानंतरचे तिथले आयफोन सिमची खाचच नसलेले आहेत, तिथे ई-सिमला पर्याय नाही. असा फोन दुरुस्तीला आणू नये; त्यात बिघडलेले काही नसते.

इथे थांबावे

आयएमईआयच्या जागी रिकामे, शून्ये किंवा ‘अननोन’ दिसत असेल, फोनविषयीच्या माहितीत बेसबँडची (फोनच्या रेडिओच्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती दिसत नसेल, अथवा फोन पडल्यानंतर, पाण्यात भिजल्यानंतर किंवा डिस्प्ले बदलल्यानंतरच रेंज गेली असेल, तर घरचे प्रयोग थांबवावेत. डिस्प्ले किंवा बॅटरी बदलताना अँटेनाची केसाएवढी बारीक केबल नीट दाबून न बसवणे हा आमच्या धंद्यातला फार सामान्य हलगर्जीपणा आहे आणि दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. ज्याने फोन उघडला होता त्यालाच ती करायला सांगावी आणि वेगळे पैसे देऊ नयेत. पाठ फुगलेली असेल, तर बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्जिंगला न लावता तसाच आणावा. चाकूने किंवा पत्त्याने पाठ उचकटताना बॅटरीला भोक पडले, तर ती पेट घेते.

केबल ठीक असून रेंज नसेल, तर दोष बोर्डवरच्या प्रक्षेपणाच्या चिपमध्ये किंवा तिच्या जोडणीत असतो. ते काम सूक्ष्मदर्शकाखाली सोल्डरिंग करणाऱ्याचे आहे. हीट गन फिरवून ‘बघू या’ म्हणणाऱ्याकडे फोन देऊ नये, आणि देण्याआधी वाय-फायवरून सर्व माहितीची प्रत काढून घ्यावी, कारण एवढे होईपर्यंत फोन बाकी सर्व कामे करीत असतो. खर्चाचा आकडा आधी लेखी घ्यावा. चार-पाच वर्षे जुन्या साध्या फोनसाठी हा खर्च करू नये, असे मी स्वतःच्या गिऱ्हाइकालाही सांगतो. आयएमईआय ‘लिहून देतो’ असे कुणी म्हणाले, तर फोन उचलून बाहेर पडावे. आयएमईआयशी छेडछाड हा दूरसंचार अधिनियम २०२३ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पहिल्याच तपासणीत दोष टॉवरचा निघाला असेल, तर दुरुस्तीवाला काही करू शकत नाही. १९८ या क्रमांकावर कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा डॉकेट क्रमांक घ्यावा. समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते, आणि तिथे डॉकेट क्रमांकाशिवाय कुणी ऐकत नाही. ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, वैयक्तिक तक्रारी पाठवून उपयोग होत नाही, त्या ते हाताळत नाहीत. तक्रारीत ‘रेंज येत नाही’ एवढेच सांगू नये. कोणत्या वाडीत, कोणत्या तारखेपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, पडद्यावर कोणता संदेश दिसतो, अंगणातला आणि घरातला डीबीएमचा आकडा किती, त्याच कंपनीच्या आणखी किती फोनांवर तेच घडते आणि वीज गेल्यावर किती तासांनी सेवा बंद पडते, हे सर्व सांगावे. शेवटच्या आकड्यावरून टॉवरच्या बॅटऱ्या बाद झाल्याचे त्यांच्या अभियंत्याला प्रत्यक्ष न येताच कळते.